बिल्ट-इन हायपरव्हायजर कर्नल मॉड्यूलमध्ये हलवताना

केव्हीएम हा लिनक्स कर्नलमधला हायपरव्हायजर, म्हणजे एका मशीनवर अनेक आभासी मशीनं चालवणारा कोड. तो उतरवायचा म्हणून तुम्ही टर्मिनलवर आरएममॉड, म्हणजे मॉड्यूल (चालू कर्नलमध्ये चढवता-उतरवता येणारा भाग) काढायची आज्ञा, चालवता आणि उत्तर येतं की हा मॉड्यूल बिल्ट-इन आहे. म्हणजे तो कर्नलच्या प्रतिमेतच विणलेला आहे आणि मशीन चालू असेपर्यंत तिथून हलणार नाही.

लिनक्स ६.१२ पासून हा प्रश्न पुष्कळांच्या दारात आला. त्याआधी केव्हीएम लोड झालेला असला, तरी पहिला गेस्ट, म्हणजे आभासी मशीन, सुरू होईपर्यंत तो प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय ताब्यात घेत नसे. ६.१२ पासून तो लोड होताक्षणीच सगळ्या सीपीयूंवर ती सोय चालू करून ठेवतो. मग व्हर्च्युअलबॉक्सच्या तेव्हाच्या आवृत्तीसारखा दुसरा हायपरव्हायजर सुरू केला, की प्रोसेसर आधीच व्हीएमएक्स रूट मोडमध्ये (इंटेलच्या व्हर्च्युअलायझेशनमधली हायपरव्हायजरची अवस्था) आहे असं सांगून तो थांबतो. केव्हीएम मॉड्यूल असेल तर उतरवायचा, काम करायचं, पुन्हा चढवायचा. बिल्ट-इन असेल तर बूटच्या ओळीत 'केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड' शून्य करायचं आणि मशीन पुन्हा सुरू करायचं.

या लेखात दोन वेगळी कामं आहेत. पहिलं, केव्हीएम बिल्ट-इनचा मॉड्यूल करणं. हे अर्ध्या तासाचं काम आहे, वर कर्नल कंपाइल व्हायला लागेल तो वेळ. दुसरं, तुमच्या स्वतःच्या कर्नलच्या झाडात आजवर बिल्ट-इन म्हणून वाढलेला हायपरव्हायजर मॉड्यूल करणं. याला आठवडे लागतात. दुसऱ्या कामात लोक लोड करण्याच्या बाजूवर सगळा जोर लावतात. माझा अनुभव उलटा आहे. आत शिरणं सोपं असतं, खरं काम बाहेर पडण्याचं आहे. मॉड्यूल गेल्यावर प्रत्येक सीपीयू जसा होता तसा परत मिळाला पाहिजे, आणि मॉड्यूलच्या कोडकडे बोट दाखवणारा एकही पत्ता कुठे शिल्लक राहता कामा नये. पुढच्या पायऱ्या याच कसोटीवर बेतल्या आहेत.

आधी हे ठरवा: हलवता येतो का?

एक्स८६ वर येतो. केव्हीएम २००७ साली लिनक्स २.६.२० मधून बाहेर आला तेव्हापासूनच त्याची रचना मॉड्यूलची आहे: सामाईक भाग 'केव्हीएम', त्यावर 'केव्हीएम_इंटेल' किंवा 'केव्हीएम_एएमडी'. रिस्क-फाइव्हवरही तो मॉड्यूल होऊ शकतो, कारण तिथे हायपरव्हायजर एक्स्टेन्शन असेल तर कर्नल मुळातच एचएस मोडमध्ये (हायपरव्हायजरच्या अधिकाराच्या पातळीवर) चालतो आणि वेगळ्या पातळीवर वेगळा कोड बसवावा लागत नाही.

आर्म६४ वर मात्र केव्हीएमच्या पर्यायाला 'हो' आणि 'नाही' एवढीच उत्तरं आहेत, 'मॉड्यूल' नाही. कारण समजून घेण्यासारखं आहे. व्हीएचई (कर्नलला वरच्या पातळीवरच चालू देणारी सोय) नसलेल्या मशीनवर कर्नल बूट होताना ईएल२ या वरच्या पातळीवर येतो, तिथे एक छोटासा स्टब ठेवतो आणि स्वतः ईएल१ वर उतरतो. पुढे केव्हीएम त्या स्टबला हाक मारून आपले व्हेक्टर ईएल२ वर बसवतो. ईएल२ वर चालणारा कोड वेगळ्या विभागात, वेगळ्या उपसर्गाची नावं देऊन, पण कर्नलच्या प्रतिमेतच लिंक केलेला असतो. त्याचे पेज टेबल वेगळे, पत्तेही वेगळे. पीकेव्हीएम या केव्हीएमच्या संरक्षित प्रकारात तर होस्ट कर्नललाच अविश्वासू मानून त्याचे अधिकार काढून घेतले जातात आणि हायपरव्हायजरसाठी लागणारी मेमरी बूटच्या अगदी सुरुवातीला राखून ठेवली जाते. अधिकार काढून घेतल्यावर त्याच होस्टच्या एका आज्ञेसरशी हायपरव्हायजर उतरू लागला, तर त्या संरक्षणाला अर्थच उरत नाही. तुमचा हायपरव्हायजर या जातीचा असेल तर इथेच थांबा. त्याला बिल्ट-इन ठेवणं हाच योग्य निर्णय आहे.

झेन हा हायपरव्हायजर कर्नलच्या आधी बूट होतो, त्याच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. फ्रीबीएसडीचा बीहाईव्ह १०.० पासून 'व्हीएमएम' हा मॉड्यूल घेऊन चालतो. ओपनबीएसडीने लोड होणारे मॉड्यूलच काढून टाकले आहेत, म्हणून तिथला व्हीएमएम कर्नलमध्येच आहे. दोन्ही निर्णय विचार करून घेतलेले आहेत.

केव्हीएमचा सोपा रस्ता

आत्ता तो बिल्ट-इन आहे का, हे एलएसमॉडवर (लोड झालेल्या मॉड्यूलच्या यादीवर) ठरवू नका. बिल्ट-इन भाग त्या यादीत दिसतच नाहीत. चालू कर्नलच्या मॉड्यूल फोल्डरमध्ये 'मॉड्यूल्स.बिल्टिन' नावाची फाइल असते, तिच्यात नाव शोधा. किंवा सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलींमध्ये) मॉड्यूलच्या नावाच्या फोल्डरमध्ये 'इनिटस्टेट' फाइल आहे का बघा. बिल्ट-इन असला तरी पॅरामीटर्समुळे फोल्डर दिसतो, पण ही फाइल फक्त लोड झालेल्या मॉड्यूलला असते.

मग कर्नलच्या सोर्समध्ये चालू कर्नलची कॉन्फिग आणा, स्क्रिप्ट्समधल्या कॉन्फिग साधनाने 'केव्हीएम' आणि 'केव्हीएम_इंटेल' किंवा 'केव्हीएम_एएमडी' यांना मॉड्यूल करा आणि 'ओल्डडेफकॉन्फिग' चालवा. त्यानंतर फाइल पुन्हा उघडून बघा. 'एम' (मॉड्यूल) लिहिलेलं असतानाही ते परत 'वाय' (बिल्ट-इन) झालं असेल, तर कुठला तरी हो-नाही प्रकारचा पर्याय त्याला 'सिलेक्ट' करतोय. केकॉन्फिगचा (कर्नलचे पर्याय ठरवणाऱ्या यंत्रणेचा) नियमच आहे की असा पर्याय 'वाय' असेल तर त्याने निवडलेलाही 'वाय' होतो. मेन्यूकॉन्फिगमध्ये नाव शोधलं की कोण सिलेक्ट करतोय ते लिहिलेलं दिसतं. तो पर्याय आधी सोडवा.

कंपाइल करा, मॉड्यूल बसवा, कर्नल बसवा, बूट करा. उतरवताना आधी प्रोसेसरचा मॉड्यूल, मग सामाईक. 'मॉडप्रोब'ला काढण्याचा पर्याय दिला की तो हा क्रम स्वतः सांभाळतो.

एक गोष्ट इथे हमखास विसरते. बिल्ट-इन असताना तुमचे पॅरामीटर्स, उदाहरणार्थ 'केव्हीएम_इंटेल.नेस्टेड', बूटच्या ओळीत होते. मॉडप्रोब ती ओळ वाचतो, त्यामुळे मॉड्यूल झाल्यावरही ते लागू होतात. पण इन्समॉडने हाताने चढवलात तर ते लागू होत नाहीत, कारण इन्समॉड तुम्ही दिलेल्यापलीकडे काहीच बघत नाही. पॅरामीटर्स मॉडप्रोबच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये हलवा.

केव्हीएमपुरतं काम इथे झालं. पुढचं सगळं स्वतःच्या हायपरव्हायजरसाठी आहे.

अचानक गायब होणारा कोड

केकॉन्फिगमध्ये 'बूल'चं (हो-नाही) 'ट्रायस्टेट' (हो-नाही-मॉड्यूल) करायचं, मेकफाइलमध्ये ऑब्जेक्टची नावं एका मॉड्यूलखाली गोळा करायची. इथे एक बारकावा: एकत्र केलेल्या मॉड्यूलचं आणि त्यातल्या एखाद्या सोर्स फाइलचं नाव सारखं ठेवू नका. मेकला मग कुठला ऑब्जेक्ट कशातून बनवायचा ते कळत नाही.

पहिला मोठा सापळा यानंतर लागतो. कर्नलच्या बाकीच्या भागात, म्हणजे इंटरप्टच्या कोडमध्ये, रीबूटच्या कोडमध्ये, शेड्युलरमध्ये, तुमच्या हायपरव्हायजरसाठी 'इफडेफ' घालून लिहिलेल्या ओळी असतील. पर्याय 'वाय' असताना तो मॅक्रो असतो. 'एम' केला की तो मॅक्रो नसतोच. त्याच्याऐवजी शेवटी '_मॉड्यूल' जोडलेलं वेगळं नाव असतं. म्हणजे मूळ 'इफडेफ'मधला सगळा कोड एक अक्षरही न बोलता वगळला जातो. कंपायलर गप्प, लिंकर गप्प. मशीन बूट होतं, हायपरव्हायजर लोड होतो, गेस्टही चालतो. आणि एक दिवस क्रॅश झालेलं मशीन क्रॅश डंप न घेताच अडकून राहतं, कारण रीबूटच्या वाटेवर व्हर्च्युअलायझेशन बंद करणारा तुकडा कधीच कंपाइल झालेला नव्हता.

म्हणून सगळ्या झाडात ग्रेप मारून अशी प्रत्येक जागा शोधा आणि 'इज_एनेबल्ड' वापरा. तो 'वाय' आणि 'एम' दोन्हींना हो म्हणतो. पण आंधळेपणाने बदलू नका. त्या जागी कर्नल तुमच्या फंक्शनला थेट हाक मारत असेल, तर 'एम' असताना ते फंक्शन प्रतिमेत नसेल आणि लिंकर अडेल. अशा जागांची वेगळी यादी करा. त्यांचा इलाज पुढे येतो.

सिम्बॉल: काय मागायचं आणि काय नाही

बिल्ट-इन कोडला कर्नलमधलं कुठलंही जागतिक फंक्शन हाताशी असतं. मॉड्यूलला फक्त एक्स्पोर्ट केलेलं मिळतं. पहिल्यांदा कंपाइल कराल तेव्हा मॉडपोस्ट हे मॉड्यूल तपासणारं साधन न सापडलेल्या नावांची लांबलचक यादी देईल. यादी बघून खचू नका, ती पुढच्या कामाचा नकाशाच आहे.

प्रत्येक नावाला विचारा: मला हे खरंच हवं आहे का? माझ्या अनुभवात निम्मी नावं सवयीपोटी वापरलेली निघतात आणि त्यांना आधीच एक्स्पोर्ट झालेला पर्याय असतो. काही ठिकाणी तो तुकडा मॉड्यूलमध्ये असायलाच नको, कर्नलमध्ये एक छोटं, नीट नाव असलेलं फंक्शन करून तेवढंच एक्स्पोर्ट करावं. उरलेली मोजकी नावं जीपीएलच्या अटीसह एक्स्पोर्ट करा. पेज टेबलांना थेट हात घालणारी फंक्शनं सगळ्या जगाला उघडी करणं धोक्याचं आहे. नव्या कर्नलमध्ये एखादं नाव ठरावीक मॉड्यूलपुरतंच खुलं करायची सोय आहे, ती वापरा.

'कॅलसिम्स_लुकअप_नेम'ने पत्ता शोधून फंक्शनला हाक मारायची जुनी वाट ५.७ मध्ये बंद झाली, आणि ती बंद झाली हे चांगलंच झालं. तिला वळसा घालणारे तुकडे इंटरनेटवर मिळतात. हायपरव्हायजरमध्ये ते घालू नका.

सुरुवातीचा क्रम आणि पॅरामीटर

बिल्ट-इन असताना तुम्ही 'कोअर_इनिटकॉल', 'सबसिस_इनिटकॉल' असं लिहून आपला नंबर लावला असेल. मॉड्यूलमध्ये हे सगळे एकाच अर्थाचे होतात: लोड झाल्यावर चालणारं पहिलं फंक्शन. तुमचे दोन तुकडे वेगवेगळ्या पातळीवर असण्यावर विसंबून असतील तर आता एकाच सुरुवातीच्या फंक्शनमधून त्यांना हव्या त्या क्रमाने हाक मारा.

'__सेटअप'ने वाचलेले बूटचे पर्याय मॉड्यूलमध्ये नुसते नाहीसे होतात. तो मॅक्रो तिथे रिकामा आहे. सगळे 'मॉड्यूल_पॅराम'वर आणा. बूटच्या सुरुवातीला मेमब्लॉकमधून (बूटच्या वेळच्या मेमरी वाटपातून) मेमरी घेत असाल तर तेही बंद. सलग मोठी मेमरी हवीच असेल तर ती राखण्याचा छोटा तुकडा बिल्ट-इन ठेवा आणि मॉड्यूलला तिचा पत्ता मागू द्या.

प्रति-सीपीयू स्थिर व्हेरिएबल्सही मोजून घ्या. सगळ्या मॉड्यूलना मिळून राखलेली जागा प्रत्येक सीपीयूमागे एरवी ८ केबीच्या आसपास असते. त्यात मोठी रचना कोंबलीत तर लोड करतानाच प्रति-सीपीयू मेमरी मिळाली नाही म्हणून नकार येतो. मोठ्या गोष्टी चालू असताना 'अ‍ॅलॉक_परसीपीयू'ने घ्या.

स्थिर मेमरीचा भौतिक पत्ता

इथे जरा थांबतो, कारण या एका गोष्टीने माझे दोन आठवडे घेतले.

व्हीएमएक्स सुरू करायला प्रत्येक सीपीयूला ४ केबीचा, ४ केबीच्या सीमेवर बसलेला मेमरीचा तुकडा द्यावा लागतो. पहिल्या शब्दात प्रोसेसरकडून वाचलेला आवृत्ती क्रमांक लिहायचा आणि त्या तुकड्याचा भौतिक पत्ता व्हीएमएक्सऑन सूचनेला द्यायचा. आमच्या जुन्या बिल्ट-इन कोडमध्ये हे तुकडे स्थिर अ‍ॅरे म्हणून जाहीर केलेले होते आणि '__पीए' मॅक्रोने भौतिक पत्ता काढला जात होता. कर्नलच्या प्रतिमेतल्या स्थिर डेटासाठी हे बरोबर चालतं, कारण प्रतिमा भौतिक मेमरीत सलग बसलेली असते आणि पत्ता काढणं म्हणजे एक वजाबाकी.

मॉड्यूलचा डेटा तसा नसतो. तो व्हीमॅलॉकसारख्या मेमरीत, सुट्या सुट्या पानांवर पसरलेला असतो. पण एक्स८६-६४ वर मॉड्यूलचे पत्ते कर्नलच्या प्रतिमेच्याच उंच पट्ट्यात, ५१२ एमबी किंवा १ जीबी पुढे सुरू होतात. त्यामुळे '__पीए' इथेही तीच वजाबाकी करतो आणि एक अगदी सरळ दिसणारा भौतिक पत्ता हातात देतो. तो पत्ता खऱ्या मेमरीचाच असतो, फक्त ती मेमरी दुसऱ्या कुणाची तरी असते.

इंटेलच्या मशीनवर आम्ही वाचलो. व्हीएमएक्सऑनने त्या पत्त्यावरचा आवृत्ती क्रमांक वाचला, तो जुळला नाही, सूचना नाकारली गेली. एएमडीवर असा तपास नाही. तिथे होस्टची अवस्था साठवायच्या जागेचा भौतिक पत्ता एका एमएसआरमध्ये (प्रोसेसरच्या खास रजिस्टरमध्ये) लिहायचा असतो, आणि व्हीएमरन (गेस्ट सुरू करणारी सूचना) चालताना प्रोसेसर निमूटपणे तिथे लिहितो. मॉड्यूल चढला, गेस्ट चालू झाला, सगळं छान. थोड्या वेळाने त्याच मशीनवर कंपायलर एका हेडर फाइलच्या मधोमध कचरा दिसतोय म्हणून थांबला. फाइल कॅशमधून काढून पुन्हा वाचली तर व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी दुसरी फाइल. आम्ही आधी डिस्क बदलली, मग मेमरी तपासली. दोष होता एका वजाबाकीत.

हा प्रकार टाळायचा तर हार्डवेअरला ज्याचा भौतिक पत्ता द्यायचा आहे, ते सगळं पेज अ‍ॅलोकेटरमधून घ्या: व्हीएमएक्सऑनचा तुकडा, व्हीएमसीएस (व्हीसीपीयूची, म्हणजे गेस्टच्या आभासी सीपीयूची, अवस्था ठेवणारी रचना), एमएसआरचा बिटमॅप, एएमडीची साठवणीची जागा. शक्यतो त्या सीपीयूच्याच नोडवर. केव्हीएमही असंच करतो. आणि 'डीबग_व्हर्च्युअल' चालू ठेवून कर्नल बांधा. '__पीए'ला चुकीचा पत्ता दिला की तो तिथेच आरडाओरडा करतो.

कर्नलने मॉड्यूलला हाक मारायची कशी

आता मघाची यादी काढा: जिथे कर्नल तुमच्या कोडला थेट हाक मारत होता त्या जागा. प्रत्येक जागी रचना एकच. कर्नलमध्ये एक फंक्शन पॉइंटर ठेवा, सुरुवातीला रिकामा किंवा काहीच न करणाऱ्या फंक्शनकडे बोट दाखवणारा. मॉड्यूलने येताना त्यात आपला पत्ता लिहायचा. जाताना पॉइंटर मागे घ्यायचा, आणि मग 'सिंक्रोनाइझ_आरसीयू' करून थांबायचं, म्हणजे त्या क्षणी कुणी सीपीयू जुन्या पत्त्यावरून आत शिरलेला असेल तर तो बाहेर येईपर्यंत मॉड्यूल हलणार नाही. हे थांबणं वगळलंत तर चाचणीत शंभर वेळा चालेल आणि मग एकदा, गर्दीच्या वेळी, सीपीयू मोकळ्या केलेल्या मेमरीत उडी मारेल.

नमुना हवा असेल तर केव्हीएमच्या पोस्टेड इंटरप्टचा वेकअप हँडलर वाचा. इंटरप्टचा व्हेक्टर आणि त्याचा प्रवेश कर्नलमध्ये कायम बिल्ट-इन आहे. मॉड्यूल फक्त आत चालायचं फंक्शन देतो आणि जाताना रिकामं फंक्शन परत ठेवलं जातं. उलट बाजूचं उदाहरण व्हीएफआयओचं, म्हणजे गेस्टला खरं हार्डवेअर वापरू देणाऱ्या भागाचं: त्याला केव्हीएमची दोनच फंक्शनं लागतात, ती तो 'सिम्बॉल_गेट'ने चालू असताना मागतो. केव्हीएम लोड नसेल तर व्हीएफआयओ त्याच्यावाचून चालतो.

प्रत्येक सीपीयूचा हिशोब

इंटेलवर क्रम असा: प्रोसेसरला व्हीएमएक्स आहे ना ते बघा, फीचर कंट्रोल एमएसआरमध्ये बायोसने ते बंद करून कुलूप तर लावलेलं नाही ना ते बघा, सीआर४ मधला व्हीएमएक्सई बिट लावा, मग व्हीएमएक्सऑन. बंद करताना उलट. पण मध्ये एक पायरी आहे जी विसरली जाते. सीपीयू व्हीएमसीएसचा मजकूर स्वतःकडे धरून ठेवतो. व्हीएमक्लिअर न करता ते पान मोकळं केलंत तर प्रोसेसर पुढे कधीतरी त्यावर लिहू शकतो, तेव्हा ते पान दुसऱ्याचं झालेलं असतं. म्हणून कुठल्या सीपीयूवर कुठले व्हीएमसीएस धरलेले आहेत याची प्रति-सीपीयू यादी ठेवा आणि व्हीएमएक्सऑफच्या आधी ती रिकामी करा.

हे सगळ्या सीपीयूंवर करायला स्वतः लूप लिहू नका. लूप चालू असताना एखादा सीपीयू ऑनलाइन आला तर तो सुटतो. सीपीयू हॉटप्लगची 'सीपीयूएचपी_सेटअप_स्टेट' वापरा: नोंदणी करताच ती असलेल्या प्रत्येक सीपीयूवर तुमचं चालू करायचं फंक्शन चालवते, एखाद्यावर नाही जमलं तर आधीचे उलटवते, पुढे येणाऱ्यांनाही सांभाळते, आणि नोंदणी काढली की प्रत्येकावर बंद करायचं फंक्शन चालवते. मॉड्यूलसाठी गतिमान क्रमांक मागा. एवढ्याने सस्पेंडचाही बहुतेक प्रश्न सुटतो, कारण झोपायच्या आधी बूटचा सोडून बाकी सगळे सीपीयू याच वाटेने बंद होतात. बूटच्या सीपीयूसाठी सिसकोअरचे सस्पेंड-रिझ्यूम कॉलबॅक वेगळे द्या.

उरलं रीबूट आणि क्रॅश. व्हीएमएक्स रूट मोडमध्ये असलेला सीपीयू इनिट सिग्नल अडवून ठेवतो. केएक्सेकने (चालू कर्नलमधूनच दुसरा बूट करण्याच्या सोयीने) नवा कर्नल सुरू केला आणि एखादा सीपीयू याच अवस्थेत राहिला, तर तो नव्या कर्नलला उठवता येत नाही. नेहमीच्या रीबूटसाठी सूचना घेऊन व्यवस्थित बंद करता येतं. क्रॅशमध्ये बाकीच्या सीपीयूंना एनएमआयने (अडवता न येणाऱ्या इंटरप्टने) थांबवलं जातं, आणि तुमचा कॉलबॅक त्याच अवस्थेत चालतो: कुलूप घ्यायचं नाही, मेमरी मागायची नाही, फक्त यादीतले व्हीएमसीएस क्लिअर करायचे आणि व्हीएमएक्सऑफ. या कॉलबॅकची नोंदणी मघाच्या आरसीयू पॉइंटरच्या रचनेतच बसते. केव्हीएमही तसंच करतो.

बाहेर पडताना

बिल्ट-इन असताना तुमचं '__एक्झिट' फंक्शन कधीच चाललेलं नाही. वर्षानुवर्षं त्यात कुणी काय लिहिलंय हे आज पहिल्यांदा कळणार आहे. ते कोरं समजून, सुरुवातीच्या फंक्शनच्या प्रत्येक ओळीसमोर तिची उलट ओळ मांडून नव्याने लिहा. सुरुवातीच्या फंक्शनमध्ये डिव्हाइसची नोंदणी सगळ्यात शेवटी असू द्या, कारण त्या क्षणापासून बाहेरचे प्रोग्रॅम आत येऊ शकतात. जाताना तीच सगळ्यात आधी काढा.

वापरात असताना मॉड्यूल उतरू नये यासाठी फाइल ऑपरेशन्समधला 'ओनर' भरा. डिव्हाइसचा, व्हीएमचा आणि प्रत्येक व्हीसीपीयूचा, तिन्हींचा. ओपन फंक्शनच्या आत शिरून स्वतःचाच रेफरन्स घेणं उशिराचं आहे; तोवर तुमचा कोड चालू झालेला असतो आणि मधल्या फटीत मॉड्यूल जाऊ शकतो. तुमचा हायपरव्हायजर दोन मॉड्यूलमध्ये विभागलेला असेल, तर ओनर प्रोसेसरचा मॉड्यूल हवा. सामाईक भागाला धरून ठेवायचं काम तोच करतो.

ओनरनेही सगळं भागत नाही. फाइल बंद झाली तरी व्हीएम लगेच मरतोच असं नाही. वर्कक्यूमध्ये पडलेलं एखादं काम त्याचा रेफरन्स धरून बसलेलं असतं. फाइल बंद झाल्यावर ओनरची मोजणी शून्य होते, मॉड्यूल उतरतो आणि मग ते काम जागं होतं. केव्हीएममध्येही ही फट होती. आधी उपाय म्हणून व्हीएम तयार होताना मॉड्यूलचा वेगळा रेफरन्स घेतला जाई, पण तो पुढे मागे घेतला गेला, कारण रेफरन्स सोडल्या क्षणीही मॉड्यूलचाच कोड चालू असतो. खरा उपाय असा की रांगेतल्या कामाने रेफरन्स धरायचाच नाही, आणि व्हीसीपीयू नष्ट करताना ते काम संपेपर्यंत थांबायचं. तसंच करा. शिवाय 'कॉल_आरसीयू' वापरत असाल तर शेवटी 'आरसीयू_बॅरिअर'. 'सिंक्रोनाइझ_आरसीयू' रांगेत उरलेल्या कॉलबॅकसाठी थांबत नाही.

आपोआप चढावा म्हणून

बिल्ट-इन असताना डिव्हाइस बूटपासून हजर असे. आता कुणीतरी मॉड्यूल चढवायला हवा. एक्स८६ वर प्रोसेसरच्या क्षमतेची डिव्हाइस टेबल द्या, म्हणजे यूडेव्ह (डिव्हाइस सांभाळणारा प्रोग्रॅम) व्हीएमएक्स किंवा एसव्हीएम (एएमडीची तशीच सोय) दिसताच योग्य मॉड्यूल चढवतो. आयबीएमच्या एस३९० वर केव्हीएमने वेगळी वाट घेतली आहे: तिथे डिव्हाइसच्या नावाचा एलियस आहे, आणि डिव्हाइस उघडताक्षणी मॉड्यूल येतो. डिव्हाइसचा ग्रुप आणि परवानगी यूडेव्हच्या नियमात लिहा. सिक्युअर बूट असेल तर मॉड्यूलवर सही लागते.

चाचणी

केएसॅन, लॉकडेप, केमेमलीक आणि डीबग_व्हर्च्युअल या चुका पकडणाऱ्या सोयी चालू असलेला कर्नल बांधा. नेस्टेड चालू करून हा सगळा प्रयोग आधी एका गेस्टच्या आत करा, म्हणजे मशीन अडकलं तरी खिडकी बंद करून पुढे जाता येतं. नंतर खऱ्या हार्डवेअरवर इंटेल आणि एएमडी दोन्ही.

चढवा-उतरवा रात्रभर फिरवा, आणि त्याच वेळी दुसऱ्या स्क्रिप्टने सीपीयू ऑफलाइन-ऑनलाइन करत राहा. गेस्ट चालू असताना उतरवून बघा. 'वापरात आहे' असा नकार आलाच पाहिजे. गेस्टची प्रोसेस जबरदस्तीने मारा आणि त्याच क्षणाला उतरवा. मघाची वर्कक्यूची फट असेल तर इथे सापडते. मॉड्यूल उतरवून व्हर्च्युअलबॉक्स चालवा. तो सुरू झाला म्हणजे सीपीयू खरोखर मोकळे झाले. गेस्ट चालू ठेवून सस्पेंड करा आणि उठवा. शेवटी गेस्ट चालू असतानाच सिसआरक्यूने (कर्नलला थेट दिलेल्या आज्ञेने) मुद्दाम क्रॅश घडवा आणि डंप पूर्ण लिहिला जातो का ते बघा. ही चाचणी कंटाळवाणी आहे, प्रत्येक वेळी मशीन जातं, म्हणून ती टाळली जाते. निदान वीस वेळा करा, आणि दर वेळी वेगवेगळ्या सीपीयूवरून.